रिकामं भांडं

आदरणीय मावशी,

प्रभूच्या नावाने सलाम. मी 37 वर्षांची आहे. गेली 12 वर्षं पिंपरीत आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मूळ गाव नगर जिल्ह्यात. वडील गेले तेव्हा मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला होते आणि भाऊ शाळेत होता. तेव्हापासून घर माझ्यावर आहे. आईचं औषधपाणी, भावाचं इंजिनीअरिंग, गावच्या घराचं पत्रे काढून स्लॅब टाकणं, सगळं मी केलं. भावाने गाडी घेतली, त्या कर्जालाही मीच जामीन आहे. दोन हप्ते थकले तेव्हा मी भरले. आईला सांगितलेलं नाही.

माझा विश्वास आहे, मावशी. पहाटे साडेचारला उठून एक तास प्रार्थना, शुक्रवारचा उपास आणि वर्षभरात बायबल वाचून काढायचा तक्ता, हे सगळं पाळते. पण नाइट ड्युटीमुळे एखादी प्रार्थना चुकली की दिवसभर छातीत धडधडतं. मागच्या महिन्यात अशीच चुकली आणि त्याच दुपारी आईची शुगर एकदम खाली गेली. मला वाटलं, माझ्यामुळेच. गेले तीन महिने झोप नाही. दाराची कडी चार-चार वेळा उठून बघते.

आमच्या प्रार्थना सेलच्या, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थना गटाच्या, प्रमुख ताई म्हणतात, ‘तुझ्या उपासात कुठेतरी कमतरता आहे, म्हणून भावाचं मार्गी लागत नाही.’ मला नाशिकला इन्चार्ज सिस्टरची जागा मिळते आहे. ताई म्हणतात, ‘प्रभूने मला दाखवलंय, तू जाऊ नकोस.’

सगळे म्हणतात, देवावर टाक, मोकळी होशील. मला टाकता येत नाही. खरं सांगायचं तर टाकायचंही नाही. मी कुणावर अवलंबून राहिले नाही म्हणून आमचं घर उभं राहिलं. मग परमेश्वरावर अवलंबून राहणं म्हणजे पुन्हा दुबळं होणं नाही का? आणि त्यातून स्वातंत्र्य कसं मिळतं?

मला अगं-तुगं केलेलं चालेल.

— एक बहीण, पिंपरी

*

प्रिय बाळ,

सलाम. तुझं पत्र चार दिवस माझ्या बायबलमध्ये आहे. रोज काढते, वाचते, परत ठेवते. आधी एक सांगते. तू जे उभं केलंस ते खरं आहे आणि मोठं आहे. विशीतली मुलगी बापाच्या मागे घर ओढते, भावाला शिकवते, आईला औषध चुकू देत नाही. याला कुणी ‘अहंकार’ म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. ‘मी, मी करू नये’ असं आपल्याकडे व्यासपीठावरून फार सहज सांगितलं जातं, आणि बहुतेक वेळा ते अशा बाईला सांगितलं जातं जिच्या ‘मी’वर सगळं घर जेवत असतं.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण बाकीचं सगळं त्यातच गुंतलेलं आहे. तू म्हणतेस, अवलंबून राहणं म्हणजे दुबळं होणं. मीही तुझ्यासारखीच होते, म्हणून हे कुठून येतं ते मला ठाऊक आहे.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. सकाळी त्यांचं सगळं करायचं, शाळा, परत आल्यावर पुन्हा त्यांचं. स्वयंपाकाला वेळच उरायचा नाही. शेजारच्या भाभी रोज संध्याकाळी डबा आणून द्यायला लागल्या. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात ना, तो नियम मी असा धरून बसले की बस. भाजी आली की त्या डब्यात लाडू, लाडू संपले की पेरू, काहीच नसलं तर वाटीभर साखर. सहा महिने हे चाललं. मला वाटायचं, मी रीत पाळते आहे. खरं म्हणजे मी हिशेब चुकता ठेवत होते, म्हणजे मला कुणाचं देणं लागू नये.

एका संध्याकाळी घरात खरोखर काही नव्हतं. साखरेचा डबासुद्धा खरवडून झालेला. मी भाभींचा डबा घासून ठेवला, पण त्यांनी दार वाजवलं तेव्हा उघडलंच नाही. स्वयंपाकघरात उभी राहिले, दिवा बंद करून. भाभी खिडकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, “बाई, रिकामा द्या हो. नाहीतर उद्या कशात आणू?”

मी तिथेच खाली बसले आणि खूप रडले. 30 वर्षं मी रविवारशाळेत मुलांना कृपा म्हणजे काय ते शिकवत होते. ‘आपल्या कर्मांनी नव्हे, तर दान म्हणून’ हे वचन पाठ करून घेत होते. आणि एका शेजारणीचा डबा मला फुकट घेता येत नव्हता. देवाचं दान मी कसलं घेतलं असणार? त्यालाही मी दर आठवड्याला वाटीभर साखर परत पाठवत होते. तुझ्या साडेचारच्या प्रार्थनेबद्दल वाचलं आणि मला ती साखर आठवली.

बाळ, तुझी प्रार्थना चुकली म्हणून आईची शुगर घसरली नाही. ती का घसरते हे मी एका नर्सला सांगावं, असं नाही. गोळी घेतली आणि जेवण लांबलं, एवढंही पुरतं. पण तुझ्या मनाने तिथे एक वेगळं कारण लावलं, कारण तुझ्या मनात देव हप्ते वसूल करणारा आहे. हप्ता चुकला की जप्ती. आमच्या प्रभू येशूला लोकांनी नेमकं हेच विचारलं होतं. जन्मांध माणूस समोर बसलेला, आणि शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तो म्हणाला, याने नाही आणि त्यांनीही नाही. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हाही त्याने विचारलं, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त दोषी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. शुभवर्तमानात हे इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपल्या सेलमध्ये अजून ‘कुठेतरी कमतरता आहे’ चालतं, याचा मला राग येतो. साधा राग नाही, फार राग येतो.

तू बायबलमधलं निर्गमाचं पुस्तक वाचलं असशीलच, तक्त्यात ते फेब्रुवारीच्या आत येतं. एकदा तक्ता बाजूला ठेव आणि पाचवा अध्याय आणि सोळावा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाच. पाचव्यात इस्राएल लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम म्हणून विटा पाडत आहेत. तिथला राजा फारो म्हणतो, यांना आता भुसा देऊ नका, तो ते स्वतः गोळा करतील, पण विटांची गणती मात्र तेवढीच भरली पाहिजे. कमी पडली की मुकादमांना मार. सोळाव्यात तीच माणसं रानात मोकळी आहेत, आणि आता त्यांच्याकडे काहीच नाही. शेत नाही, कोठार नाही. रोज सकाळी जमिनीवर मान्ना, म्हणजे देवाने धाडलेलं अन्न, पडतो, दर माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप. ज्यांनी जास्त गोळा केला त्यांना जास्त झाला नाही, ज्यांनी कमी केला त्यांना कमी पडला नाही. उद्यासाठी लपवून ठेवला त्यात किडे पडले.

गुलाम होते तेव्हा त्यांचं जेवण ठरलेलं होतं, आणि स्वतंत्र झाले तेव्हा रोज हात पसरावा लागला. म्हणून तर ते कुरकुरले, मिसरातली मांसाची भांडी बरी होती म्हणाले. मला हा भाग पूर्वी कळायचा नाही. कुणी सुटका करून दिल्यावर परत गुलामगिरी का आठवेल? आता कळतं. फारोच्या राज्यात निदान माहीत असतं की किती विटा पाडल्या की आज मार चुकेल. आकडा भरला की रात्रीपुरतं सुरक्षित. देवाच्या रानात आकडाच नाही. तिथे आपण किती केलं यावर भाकरी येत नाही, देणारा देतो म्हणून येते. ज्याला आयुष्यभर आकड्याची सवय आहे त्याला ही मोकळीक भीतीदायक वाटते.

आणि तिथेच, त्या मान्नाच्या अध्यायात, त्यांना पहिल्यांदा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, मिळाला. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, सातव्या दिवशी घरात बसा. पुढे बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात त्यांचा पुढारी मोशे त्यांना त्याचं कारणही सांगतो. तू मिसर देशात दास होतास, तिथून तुझ्या देवाने तुला काढलं, म्हणून शब्बाथ पाळ. ज्यांना पिढ्यानपिढ्या एक दिवस सुट्टी मिळाली नव्हती त्यांना देव म्हणतो, आज काही करू नका, तरी उपाशी राहणार नाही. अवलंबून राहण्याचं स्वातंत्र्य ते हे. तुझी पहाटेची प्रार्थना, शुक्रवारचा उपास, तो तक्ता, यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण तू त्यांच्या विटा केल्यास. रोज गणती भरतेस आणि उद्याचा मार चुकवतेस.

प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतीयातल्या ख्रिस्ती मंडळींना, चिडून पत्र लिहिलं ते याचसाठी. स्वातंत्र्यासाठी ख्रिस्ताने तुम्हाला स्वतंत्र केलंय, आता पुन्हा जुवाखाली मान देऊ नका, असं तो लिहितो. लक्षात घे, ती माणसं देवाला सोडून चालली नव्हती. ती जास्तच धार्मिक व्हायला निघाली होती.

आता दुबळेपणाचं. मी तुला दौंडजवळच्या केडगावची गोष्ट सांगते, कारण आपल्या महाराष्ट्रात याहून मोठं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. पंडिता रमाबाई दुबळ्या होत्या असं कुणी म्हणेल का? आईवडील आणि बहीण उपासमारीत आणि आजारपणात गेलेली, भावाबरोबर देशभर पायी फिरलेल्या, कलकत्त्यात विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरवलेल्या. 1880 मध्ये लग्न, 1882 मध्ये नवरा पटकीने गेला, पदरात लहानगी मनोरमा. कुणावर अवलंबून न राहणं काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार!

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आणि लगेच तिथल्या मंडळींशी त्यांचे खटके उडायला लागले. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, पण त्याच आजीबाईंना त्यांनी पत्रांतून बजावलं की आपण एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मोठ्या कष्टाने सुटलो आहोत, दुसरं तसलंच जू मानेवर घेणार नाही. देवाचं वचन ऐकीन, पण प्रत्येक धर्मगुरूचा शब्द देवाचा शब्द म्हणून मानणार नाही. हे एका परदेशात, त्यांच्याच आश्रयाला राहणाऱ्या, पंचविशीतल्या विधवेने लिहिलं. तुझ्या सेलच्या ताईंच्या ‘प्रभूने मला दाखवलंय’पाशी आपण पुन्हा येऊच, तेव्हा हे आठव.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिलं की, बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बघ, या आठ वर्षांत त्यांनी काय काय केलं होतं! अमेरिकेत फिरून व्याख्यानं दिली, पैसा उभा केला, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आणखी काय हवं? त्यांना मात्र ठाऊक होतं की आपण अजून स्वतःच्याच बळावर देवाला प्रसन्न करायला निघालो आहोत. 1891च्या सुमारास त्यांनी ते सोडून दिलं. आपल्याला बदलून, सुधारून, लायक होऊन यायचं नाही, आहोत तसंच त्याच्याकडे जायचं, हे त्यांना तेव्हा पटलं.

त्यानंतर त्या हात जोडून बसल्या का? दुष्काळ आला, 1896-97चा. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ ही निराधार मुली-बायकांची संस्था उभी राहिली. अमेरिकेतल्या मंडळाने 10 वर्षांपुरती मदत कबूल केली होती, ती मुदत 1898 मध्ये सरली. त्यानंतर ठरलेलं उत्पन्न नाही, तरी 1900च्या दुष्काळात आणखी मुली आणल्या. पुढे पुढे तिथे जवळजवळ 2000 माणसं जेवत होती. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलर यांनी अनाथाश्रम केवळ प्रार्थनेवर चालवल्याचं त्यांनी ऐकलं-वाचलं होतं, त्याच वाटेने त्या चालल्या. पण तिथे शेती होती, फळबाग होती, विणकाम होतं, घाणा होता, छापखाना होता. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर रमाबाई स्वतः करत होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, सगळा कारभार जिच्या हाती द्यायचा ती. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, भाषांतराचं काम पुरं करूनच. 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून ते बायबल बाहेर आलं.

मला या आयुष्यात दुबळेपण कुठे सापडत नाही. रमाबाई देवावर जितक्या विसंबल्या तितक्या माणसांपासून मोकळ्या होत गेल्या. पुण्याच्या टीकेपासून, मिशनऱ्यांच्या नाराजीपासून, देणगीदारांच्या अटींपासून. कवी ना. वा. टिळकांचंही थोडं तसंच. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या मंडळीच्या ध्यासाने बाहेर पडले, पुढे दोनच वर्षं जगले. पगार ही वाईट गोष्ट नव्हे, तू तुझा सोडू नकोस! मी एवढंच म्हणते की ज्याचा खरा आधार एका ठिकाणी पक्का असतो, त्याला बाकीच्या ठिकाणी वाकावं लागत नाही.

आणि आपला प्रभू? त्याचं आयुष्य बघ. लूक आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला लिहितो की मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सूसान्ना आणि अशाच पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्याची सेवा करत होत्या. जगाचा तारणारा बायकांच्या पैशावर भाकरी खात होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. पेत्राची होडी, कुणाचं तरी शिंगरू, कुणाची तरी माडीवरची खोली, शेवटी कबरसुद्धा दुसऱ्याची. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, त्याने तिघा शिष्यांना सांगितलं, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, पण त्याने मागितलं तर खरं! बापावर पूर्ण विसंबलेला मुलगा माणसांकडेही मोकळेपणाने मागू शकतो. आपण मागत नाही, कारण मागितलं की आपली किंमत कमी होईल अशी भीती असते. त्याची किंमत बापाने बाप्तिस्म्याच्या वेळी, यार्देन नदीच्या पाण्यातच सांगून टाकली होती, त्याने एकही चमत्कार करायच्या आधी. ‘हा माझा प्रिय पुत्र.’

तुझ्या सेलच्या ताईंबद्दल मला उगाच वाईट बोलायचं नाही. कदाचित त्या तुझ्यासाठी खरंच रडत असतील. पण तुझ्या बदलीबद्दल प्रभू त्यांना दाखवतो आणि तुला काहीच दाखवत नाही, हे मला मान्य नाही. पवित्र आत्मा तुलाही दिलेला आहे. नाशिकच्या जागेचा विचार तू तुझ्या डोक्याने कर. आईचं काय, भाडं किती, पगारात फरक किती, ड्युटीच्या वेळा काय. प्रार्थना कर, आईशी बोल, ज्यांना तुझ्याकडून काही नको आहे अशा एक-दोन माणसांचा सल्ला घे. आणि मग ठरव. चुकलीस तरी परमेश्वर नाशिकलाही आहे आणि पिंपरीतही आहे. सेलमध्ये विचारलं तर शांतपणे सांग, “ताई, तुम्ही प्रार्थना करता त्याबद्दल आभार, हा निर्णय मी प्रभूसमोर घेतला आहे.” त्यावर कुणी शापाची भाषा केली तर तो सेल सोड. चर्च सोडू नकोस, सेल सोड. आणि पाळकसाहेबांच्या कानावर घाल.

झोपेचं मात्र मी वेगळं काढते. तीन महिने झोप नाही, धडधड, कडी चार वेळा बघणं, एखादी गोष्ट चुकली तर अनर्थ होईल ही भीती. तुझ्या वॉर्डातल्या पेशंटने हे सांगितलं असतं तर तू त्याला उपास सांगितला असतास का? डॉक्टरांकडे पाठवलं असतंस. मनाच्या डॉक्टरांकडे. तशी तूही जा, याच आठवड्यात. ओळखीच्या हॉस्पिटलात संकोच वाटत असेल तर 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, तिथे आधी बोल. गोळी घ्यावी लागली तर घे. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असं तुला कुणी म्हणालं, तर त्याला विचार, आईला इन्सुलिन द्यायचं थांबवू का? आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत शुक्रवारचा उपास पूर्ण बंद. नाइट करून उपाशीपोटी घरी जाणारी नर्स देवाला प्रिय असते, पण ती उपाशी असावी असं त्याला वाटत नाही.

साडेचारचा गजरही महिनाभर काढून टाक. भीती वाटेल, पहिले काही दिवस खूप वाटेल. वाटू दे. त्याऐवजी रोज ड्युटीवर जे करतेस ते रात्री झोपताना कर. शिफ्ट संपली की तू काय करतेस? पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देतेस. बेड नंबर, पेशंटची हालत, काय चालू आहे, काय बाकी आहे. मग पर्स उचलतेस आणि घरी जातेस. तुझे पेशंट वाऱ्यावर पडलेले नसतात, ड्युटी दुसऱ्याची असते. तू घरी जाऊन दर अर्ध्या तासाला मॉनिटर बघायला परत आलीस तर तुलाही त्रास आणि त्या सिस्टरचाही अपमान. तर रात्री अंथरुणावर बसून प्रभूला हँडओव्हर दे. आई, शुगर इतकी, गोळी दिली. भाऊ, हप्ता पाच तारखेला. नाशिक, उत्तर द्यायचंय. कडी लावली, एकदा बघितली. तुझ्या ताब्यात. पाच मिनिटं पुरतात. 127वं स्तोत्र म्हणतं की पहाटे उठणं, उशिरा निजणं, कष्टाची भाकर खाणं हे व्यर्थ आहे, तो आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो. सकाळी तुझी शिफ्ट परत सुरू होईलच, कष्ट कुठे पळून जात नाहीत.

मला ठाऊक आहे, पहिल्या रात्री तू दोनला उठून कडी बघशील. बघ आणि परत झोप. त्याची नोंद कुठे ठेवू नकोस.

भावाचं राहिलं. तो आता मोठा आहे, कमावता आहे. त्याचे हप्ते तू गुपचूप भरतेस तेव्हा तू त्याचाही देव होतेस, बाळ, आणि ते त्याच्यासाठी चांगलं नाही. बँकेत जाऊन जामीनदार म्हणून तुझी जबाबदारी नेमकी किती ते कागदावर समजून घे, त्यात भाबडेपणा नको. हप्ते थकले तर बँक तुझ्याकडेही येऊ शकते. मग भावाला समोर बसवून सांग की पुढचा हप्ता त्याचा, आणि जमत नसेल तर गाडी विकायची. आणि आईला सांग. आईला वाचवण्यासाठी लपवते आहेस असं तुला वाटतं. मला वाटतं, आईने तुझ्यासाठी काही करावं याची तुला सवय नाही. तिला निदान तुझ्यासाठी प्रार्थना तरी करू दे. शुगर असली तरी ती आई आहे. तिच्या मांडीवर डोकं ठेवून शेवटची कधी निजली होतीस? 131व्या स्तोत्रात दाविदाने आपल्या जिवाला दूध तुटलेल्या बाळाची उपमा दिली आहे. असं बाळ आईपाशी काही मागायला येत नाही, नुसतं बसतं. मला वाटतं, देवापाशी तुला सध्या एवढंच करायचं आहे.

नाशिकला जाण्याआधी किंवा नंतर, एखाद्या सुट्टीला केडगावला जाऊन ये. पुणे-दौंड गाडी तिथे थांबते. मुक्ती आजही चालू आहे. कुणाला काही विचारू नकोस, काही घेऊन जाऊ नकोस. नुसती फिरून ये.

आमचे हे साडेतीन वर्षं अंथरुणाला होते, मग प्रभूमध्ये झोपी गेले. शेवटपर्यंत भाभींचा डबा येत होता आणि शेवटी शेवटी मी तो रिकामा परत देत होते. पहिले काही दिवस देताना मान खाली जायची. नंतर आम्ही दोघी दारातच बोलत उभ्या राहायचो, कधी कधी अर्धा अर्धा तास. लाडू भरण्यात जो वेळ जायचा तो मोकळा झाला होता.

जाता जाता, तुझ्या पत्रासोबत पाकिटात 500 रुपये होते. ‘सदरासाठी’ असं चिठ्ठीवर लिहिलंस. ते याच पत्रासोबत परत पाठवते आहे. आईशी बोलणं झालं की लिही, आणि पाकिटात नुसतं पत्र घाल.

तुझी,
मावशी